‘रेस्पाइट’ : एका शब्दाचा इतिहास

तात्पुरत्या सुटकेस इंग्रजीत ‘रेस्पाइट’ असे म्हणतात. प्रसंगाप्रमाणे आपण त्याचा अर्थ उसंत, विसावा, मोहलत किंवा तहकुबी असा करतो. परंतु या शब्दाच्या मुळाशी विश्रांतीही नाही आणि विलंबही नाही. तेथे आहे ती केवळ दृष्टी. लॅटिन ‘रेस्पिकेरे’ म्हणजे मागे वळून पाहणे. त्यापासून झालेले ‘रेस्पेक्टुस’ हे नाम जुन्या फ्रेंचमध्ये ‘रेस्पित’ झाले व तेथून ते इंग्रजीत उतरले. पुढे त्याच लॅटिन नामावरून इंग्रजीने ‘रिस्पेक्ट’ हा आदरवाचक शब्दही घेतला. आदर आणि मोहलत ही अशी सख्खी भावंडे ठरतात.

पाहण्यातून थांबण्याचा अर्थ निघावा, याचे आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘प्रतीक्षा’ हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासूनच झाला आहे. मराठी माणूसही कोणाची ‘वाट पाहतो’. लॅटिनमध्ये मात्र मधली पायरी निराळी आहे. मागे वळून पाहणे म्हणजे पुन्हा विचार करणे. आणि पुनर्विचार करावयाचा तर अवधी हवा. मध्ययुगीन इंग्लंडच्या राजकोशाच्या दप्तरांत येणे रकमेची वसुली पुढे ढकलली की ती रक्कम ‘रेस्पेक्टुस’मध्ये ठेवल्याची नोंद होई. सरंजामदाराने राजापुढे निष्ठेची शपथ घेणे लांबणीवर टाकावयाचे तर त्यासाठी पैसे भरण्याची वहिवाट होती. १६६० च्या कायद्याने जुनी लष्करी भूधारणा संपली आणि ही वहिवाटही तिच्याबरोबर गेली.

शब्दाची खरी कसोटी लागली ती फाशीच्या छायेत. ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या चौथ्या खंडात गर्भवती स्त्रीविषयीचा नियम सांगितला आहे. गर्भ असल्याने तिच्याविरुद्धचा निर्णय थांबत नसे. थांबे ती फक्त अंमलबजावणी, आणि तीही प्रसूतीपर्यंत. तिच्या म्हणण्याची शहानिशा बारा प्रौढ स्त्रियांची पंचमंडळी करी. ही मोहलत आईसाठी नव्हती, पोटातील जिवासाठी होती. मूल जन्मले की आईची मुदत संपे. १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा स्त्रीस मृत्युदंड न देता जन्मठेप देण्याचा कायदा केला.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उच्च न्यायालयास अंमलबजावणी पुढे ढकलण्याचा आदेश दिला होता. शिक्षा सौम्य करणे मात्र न्यायालयाच्या इच्छेवर सोडले होते. १९७३ च्या संहितेनेही तोच मार्ग चालविला. २००८ च्या दुरुस्ती अधिनियमाने पुढे ढकलण्याचा भाग गळाला आणि शिक्षा जन्मठेपेत बदलणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. मोहलतीची जागा अशा रीतीने कायमच्या सुटकेने घेतली.

तथापि शब्द कायद्यातून गेलेला नाही. संविधानाच्या ७२ व्या व १६१ व्या अनुच्छेदांत राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या दयाधिकारात तो क्षमा, तहकुबी व सूट यांच्या पंक्तीस बसला आहे. हिंदी पाठात त्यासाठी ‘विराम’ हा शब्द योजला आहे. ‘विरामा’त थांबणे आले, पण पुन्हा पाहणे आले नाही. हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, ती मुख्यतः दयेच्या अर्जांचा निर्णय होण्यास लागलेल्या अवाजवी विलंबामुळे. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळविल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवसांचा अवधी द्यावा, असेही त्याच निर्णयात सांगितले. कोणीही न पाहता नुसता लांबलेला काळ ही यातना होय. आणि पुन्हा दाद मागता यावी म्हणून दिलेला काळ ही मोहलत होय. पहिल्यास विलंब म्हणावे. ‘रेस्पाइट’ हे नाव दुसऱ्यासच शोभते, कारण मागे वळून पाहणारा कोणी असल्यावाचून त्या शब्दास अर्थ नाही.