अंड्याचे टरफल

प्राचीन रोमच्या सधन घरांत भोजनाचा आरंभ अंड्याने होई आणि शेवट फळांनी. हा क्रम इतका ठरीव होता की, अंडे व सफरचंद यांची जोडी लॅटिन भाषेत आदि आणि अंत या अर्थाने वापरली जाऊ लागली. एपिशियसच्या नावावर चालत आलेल्या पाकग्रंथात मऊ उकडलेल्या अंड्यांसोबत खाण्याची एक चटणी दिली आहे: मिरी, भिजवलेले चिलगोजे, मध, शिरका आणि आंबवलेल्या मासळीचे पाणी. चटणीची सामग्री काटेकोर सांगणारा हा ग्रंथ त्या अंड्याचे टरफल कसे काढावे याविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. बल्लवाचार्यांना हातापायांशी राबणाऱ्या गुलामांचे कष्ट लिहून ठेवण्याजोगे वाटत नसावेत.

टरफलाची दखल घेतली ती थोरल्या प्लिनीने, आणि तीही भलत्याच कारणासाठी. पहिल्या शतकातील या संग्राहकाने लिहून ठेवले आहे की, अंडे खाऊन झाले की लोक त्याचे टरफल ताबडतोब चिरडून टाकतात किंवा चमच्याने त्याला भोक पाडतात. अखंड राहिलेल्या टरफलावर कोणी करणी करील, ही भीती त्यामागे होती. लिंबू-मिरची उंबऱ्याशी टांगणाऱ्या समाजाला या रोमन भीतीचे हसू येण्याचे कारण नाही. सोळाशे वर्षांनंतरही ती इंग्लंडात जिवंत होती. १६४६ साली टॉमस ब्राउन या वैद्याने लोकभ्रमांचा जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात टरफल फोडण्याच्या या चालीचा समाचार घेतलेला आहे.

टरफलाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण मात्र काल्पनिक आहे. जोनाथन स्विफ्ट याच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लिलिपुटच्या राजघराण्यातील एका मुलाचे बोट अंडे फोडताना कापते आणि त्याचे वडील बादशहा फर्मान काढतात, की यापुढे सर्व प्रजेने अंडे लहान टोकाकडूनच फोडावे. त्यावरून सहा बंडे होतात, एक बादशहा प्राणास मुकतो, दुसरा राज्यास, आणि अकरा हजार माणसे धर्मभ्रष्ट होण्यापेक्षा मरण पत्करतात. रोख अर्थात युरोपातील पंथापंथांच्या लढायांवर होता. पुढे १९८० साली डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने, आकडे साठवताना मोठा भाग आधी ठेवावा की लहान, या वादाला स्विफ्टच्याच कथेतील पक्षांची नावे दिली, व ती त्या शास्त्रात कायमची रुजली. बादशहाच्या फर्मानात राजनीतीबरोबर एक पाकशास्त्रीय चूकही होती, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर पडते तेव्हा ते उष्ण असते; ते निवू लागले की आतला ऐवज आकसतो आणि रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची एक पोकळी तयार होते. पूर्ण उकडलेले अंडे सोलावयाचे तर बोटाला शिरकाव मिळतो तो याच ठिकाणी. या प्रश्नापुरते तरी बंडखोरांचे बरोबर होते.

आता खऱ्या अडचणीकडे वळावयास हवे. पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम त्याच सकाळचे गावठी अंडे आणावे, आणि सोलताना त्याच्या पांढऱ्या भागाचे लचके टरफलाबरोबर निघून यावेत. उलट दुकानात आठवडाभर पडलेले अंडे मात्र गुळगुळीत, सबंध बाहेर यावे, हा अनुभव घरोघरच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्याची मीमांसा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झालेली नव्हती. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कर्बद्विप्राणिल वायू विरघळलेला असतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निघून जातो आणि पांढरा भाग अधिकाधिक क्षारधर्मी होत जातो. शास्त्रज्ञांच्या मापाने सांगावयाचे तर ७.६ च्या आसपास असलेला त्याचा सामू काही दिवसांत ९ च्या वर चढतो. सामू कमी असताना अंडे उकडले, तर गोठणारा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. तो चढलेला असेल, तर ही पकड सैल होते. अमेरिकेत अंडी टिकावीत म्हणून टरफलांवर तेलाचा हात फिरवण्याची रीत होती. तिने छिद्रे बुजली, वायू आतच कोंडला, आणि साठवणीतील अंडीही सोलेनाशी झाली. १९५९ साली 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात स्वॅन्सन यांनी ताज्या व अशा संस्कारित अंड्यांच्या सोलण्याचा प्रश्न मांडला, तो या पार्श्वभूमीवर. अंडी जसजशी ताजी मिळू लागली, तसतसे हे दुखणे वाढत गेले. उन्हाळ्यात टोपलीतून गावोगाव फिरणारे हिंदुस्थानातील अंडे सोलावयास सोपे असे, याचे श्रेय उन्हाला आहे.

पाण्यात मीठ घालावे, शिरका घालावा, असे उपाय सांगितले जातात. त्यांचा सोलण्याला फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो पाणी आधी खळखळून उकळू देऊन मग त्यात अंडी अलगद सोडण्याचा. एकदम बसलेल्या उष्णतेने पांढऱ्याचा बाहेरचा थर पापुद्र्याशी जडण्यापूर्वीच गोठतो. गार पाण्यात घालून मंद आचेवर चढवलेली अंडी तडकत नाहीत खरी, पण चिकटतात. दहा-बारा मिनिटांनी ती उतरवून थंड पाण्यात टाकली, की आणखी एक लाभ होतो. फार वेळ शिजलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडे कडे उमटते व खाणारा ते नासले असे समजून ताट दूर सारतो. १९२० साली टिंक्लर आणि सोर या दोघांनी दाखवून दिले, की ते कडे म्हणजे पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने होणारे संयुग होय. त्यात नासण्याचा संबंध नाही. केवळ चुलीवर विसरल्याची ती खूण आहे.

हिंदुस्थानात मात्र टरफलाचा प्रश्न पाकशास्त्रापुरता कधीच राहिला नाही. मनुस्मृतीने गावकोंबडा अभक्ष्य ठरवला. बंगालमधील कित्येक हिंदू घरांत बदकाचे अंडे चाले, कोंबडीचे चालत नसे. महाराष्ट्रातील अनेक घरांत वैद्याच्या सल्ल्याने अंडे शिरले, ते परसदारी, वेगळ्या पातेल्यात, बहुधा उकडूनच. कारण टरफल शाबूत असेतो भांड्याला आणि मनाला त्याचा स्पर्श होत नाही, अशी सोयीची समजूत घालता येई. गांधीजींनी ही सोयही नाकारली होती. १९०२ च्या सुमारास मुंबईत गिरगावात राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला, आणि पित्याने मुलाचा जीव पणाला लावून त्याला नकार दिला. मुलगा बरा झाला. त्याच गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना आरोग्यावरील आपल्या पुस्तकात लिहिले, की ज्याला दूध चालते त्याला निर्जीव अंड्याची हरकत असण्याचे कारण नाही. चाळीस वर्षांतला हा पालट त्यांचे अनुयायी सहसा उद्‌धृत करीत नाहीत.

तो वाद आज शाळेच्या ओसरीवर येऊन पोहोचला आहे. तामिळनाडूने १९८९ मध्ये मुलांच्या माध्यान्ह भोजनात पंधरवड्याला एक उकडलेले अंडे द्यावयास सुरुवात केली. पुढे ते आठवड्यातून एकदा आणि कालांतराने शाळेच्या दररोजच्या ताटात आले. डाळीत पाणी घालता येते, दुधात घालता येते. टरफलाच्या अंड्यात घालता येत नाही. ते मोजून घेता येते, आणि आपल्या वाट्याचे आले की नाही हे पहिलीतल्या मुलालाही कळते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांस केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबवण्यात आला. अंडी द्यावयाचीच असतील तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावीत, असे ठरले. ज्या गावांत वर्गणी जमत नाही, त्याच गावांतील मुलांना त्या अंड्याची गरज अधिक होती.