मराठवाड्यातील युद्धकालीन मालमोटारी : देखभालीच्या इतिहासाची एक बाजू

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या आधिपत्याखाली भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले आणि नळदुर्गजवळ बोरी नदी ओलांडून हैदराबादच्या रोखाने गेले. १८ तारखेस हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. याच मोहिमेत लातूर व मोमिनाबाद येथेही तुकड्या पोहोचल्या. या मोहिमेचा विचार रणगाडे, विमाने आणि राजकारण यांच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. परंतु पेट्रोल, दारूगोळा व शिधा वाहून नेणाऱ्या मालमोटारी बहुतांशी महायुद्धातील जुन्या होत्या, इकडे सहसा लक्ष जात नाही. त्या चालल्या म्हणूनच मोहीम पाच दिवसांत आटोपली.

या गाड्यांत कॅनडात लष्करी नमुन्यानुसार बांधलेल्या फोर्ड व शेव्हरोलेट यांचा भरणा मोठा होता. लष्करात त्यांची देखभाल शिस्तीची होती. चालकाने रोज गाडीचा एक नेमलेला भाग तपासावा, प्रत्येक गाडीची नोंदवही असावी आणि मोठे काम कार्यशाळेकडे जावे, अशी ती पद्धत होती. दुरुस्तीसाठी १९४३ मध्ये स्वतंत्र दलही उभारण्यात आले. मात्र या शिस्तीचा खरा आधार सुट्या भागांचे कोठार हा होता. झिजलेला भाग काढावयाचा आणि नवा बसवावयाचा, एवढेच बहुधा फिटरचे काम असे.

युद्धानंतर सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत हजारो गाड्या खाजगी मालकांच्या हाती गेल्या. त्यांच्यामागून कोठार मात्र गेले नाही. नांदेड-लातूर भागात ही उणीव अधिकच जाणवावी अशी परिस्थिती होती. नांदेड मनमाड-सिकंदराबाद या मीटरगेज मार्गावर, तर लातूर हे बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी मार्गाचे टोक. दोहोंना थेट जोडणारा लोहमार्ग नव्हता. शिवाय लातूरचा पुढे जाणारा माल कुर्डुवाडीस एका गाडीतून दुसरीत भरावा लागे. साहजिकच मालमोटारीला काम होते. पण वाट काळ्या जमिनीची. पावसाळ्यात चाके रुतत आणि उन्हाळ्यात इंजिने तापत. फोर्डच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनात तप्त वायूच्या वाटा ठोकळ्यातूनच गेलेल्या असल्याने ते विशेष तापे. त्यातही कॅनडाच्या नमुन्यात इंजिन चालकाच्या शेजारीच, त्यामुळे चालकाचे हाल वेगळेच.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. शेव्हरोलेटच्या सहा नळकांड्यांच्या इंजिनात जोडदांड्याचे बेअरिंग पांढऱ्या धातूचे, म्हणजे बॅबिटचे, दांड्यातच ओतलेले असे. तेलही बव्हंशी उडवूनच पोहोचविले जाई. अभियंत्यांच्या दृष्टीने ही रचना जुनाट. फोर्डमधील बदलता येणाऱ्या बेअरिंगच्या कवच्या अधिक प्रगत. पण कवची मिळाली नाही तर फोर्ड उभी राही. शेव्हरोलेटचे बेअरिंग सैल झाले तर प्रथम जोडातील पातळ पत्र्या काढून ते घट्ट करता येई, आणि तेवढ्याने भागले नाही तर धातू वितळवून पुन्हा ओतता येई. त्यास भट्टी, लेथ व कसबी हात पुरत. तुटलेल्या कमानपाट्याचेही तसेच. ते काम लोहाराच्या आवाक्यातले. तेव्हा कोठाराशी जखडलेल्या यंत्रापेक्षा मिस्त्रीला हाताळता येणारे यंत्र अशा प्रदेशात अधिक टिकाऊ ठरते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. यंत्राच्या प्रगतीचे माप दुरुस्तीच्या जागेवरही अवलंबून असते, हे आपल्याकडील तंत्रविद्येच्या इतिहासात पुरेसे मांडले गेलेले नाही.

१९५४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे होय. शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने त्या वर्षी आपले काम थांबविले. त्याच वर्षी टेल्कोने जमशेदपूर येथे मर्सिडीज-बेंझ डिझेल मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. नव्या गाडीचे सुटे भाग देशातच होऊ लागले, तर जुनीचे भाग दुर्मिळ झाले. जुन्या सांगाड्यावरील पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसविण्याची रीतही देशात रूढ झाली. लष्करासाठी १९५९ च्या सुमारास जबलपूर येथे शक्तिमान गाड्या बनू लागल्या आणि युद्धकालीन वाहने तेथूनही क्रमाने निघत गेली.