बैलगाडी, विमान आणि थेंबभर पाणी

बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही. परवा रात्री नातीचा फोन आला आणि लिहायला विषय मिळाला.

नात छोटं विमान चालवायला शिकते आहे. घरात कोणी विमानात बसलं तरी आम्हाला अप्रूप, आणि ही तर थेट चालवायलाच निघाली! तर ती म्हणाली, "आजोबा, आज टाकीत पाणी निघालं." माझ्या पोटात गोळाच आला. मग तिने समजावून सांगितलं. रोज पहिल्या उड्डाणाआधी, आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर थोडा वेळ थांबून, पंखाखालच्या छोट्या तोटीतून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढायचं आणि उजेडात धरून पाहायचं. त्या दिवशी पेल्याच्या तळाला पाण्याचा बुडबुडा होता. निव्वळ पेट्रोल येईपर्यंत तिने पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. उड्डाणाला उशीर झाला, सोबतची मुलं कुरकुरली.

मी तिला म्हटलं, "बाई, कुरकुरू दे त्यांना." पण फोन ठेवल्यावर झोप काही येईना.

सातवीच्या वर्गात मी हा प्रयोग कितीदा तरी करून दाखवला आहे. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, पेट्रोलचं सातशे ते साडेसातशे ग्रॅम. दोन्ही एकत्र ओतलं की पाणी खाली बसतं. टाकीत पाणी येतं कुठून? एक तर टाकीच्या झाकणातून पावसाचं झिरपतं. दुसरं म्हणजे टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ थिजून पत्र्यावर दव धरतं आणि थेंब तळाशी जातात. म्हणून जुने वैमानिक संध्याकाळीच टाकी भरून ठेवत. टाकीत हवाच नाही तर दव कुठून धरणार? विमानाने नाक वर करून जमीन सोडली की तळाचं पाणी हलतं आणि इंजिनाच्या वाटेला लागू शकतं. पाण्यावर इंजिन चालत नाही. आणि नेमक्या त्या वेळी खाली उतरायला ना उंची असते, ना जागा.

आता थोडा इतिहास. 15 ऑक्टोबर 1932. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन निघाले. भारतात विमान चालवण्याचा पहिला परवाना त्यांना 1929 साली मिळाला होता. वाटेत अहमदाबादला विमान थांबलं, तेव्हा तिथे इंधन आलं ते बैलगाडीतून! बर्मा शेल कंपनीचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे. दुपारी दोनच्या सुमारास जे. आर. डी. जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

ते चार गॅलनचे डबे माझ्या वयाच्या मंडळींना चांगलेच आठवतील. रॉकेलचा डबा तोच, साधारण अठरा लिटरचा. रॉकेल संपलं की त्याला वर लाकडी दांडी ठोकून पाणी भरायला घेत, नाहीतर झाकण बसवून धान्य ठेवत. डबा उघड्यावर राहिला, पावसात भिजला, की आत पाणी शिरणारच. म्हणून त्या काळी जगभर विमानात इंधन भरताना नरसाळ्यात मऊ कमावलेलं कातडं घालत. कातडं आधी पेट्रोलने भिजलेलं असलं की पेट्रोल खाली उतरतं आणि पाणी वरच अडतं. ताक गाळावं तसं, कितीही घाई असली तरी थेंब थेंब गाळायचं. शिवाय जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि टाटांना मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा हवेत पाण्याशी गाठ रोजचीच.

त्या वेळी आमचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजोबांच्या पिढीला विमान म्हणजे आभाळातला आवाज, एवढीच ओळख. 1945 साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली, पण ती हैदराबादच्या बड्या लोकांसाठी. आमच्याकडे रॉकेलच तेवढं पोचलं. मात्र त्यातल्या पाण्याची ओळख आम्हालाही होती. कंदिलाची वात तडतडायला लागली की वडील म्हणत, "पाणी आहे रे यात." मग कंदील रिकामा करून, पुसून, उन्हात ठेवायचा. पुढे विहिरीवर डिझेल इंजिन आलं, तेव्हा फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून आधी पाणी सोडायचं हे वडिलांनीच मला शिकवलं. एकदा आळस करून मी ते टाळलं. इंजिन बंद पडलं आणि उसाचं पाणी दोन दिवस खोळंबलं. पण मी जमिनीवर होतो. चूक उसाने सोसली.

नातीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मास्तर असून माझ्या ध्यानात आली नव्हती. पेल्यात थोडं पाणी असलं तर दोघांमधली रेघ दिसते. पण सगळंच पाणी असलं तर रेघच नसते. पेला स्वच्छ दिसतो आणि घाईतला माणूस फसतो. विमानाच्या पेट्रोलला दिलेला निळसर रंग अशा वेळी उपयोगी पडतो. रंग पाहायचा, वास घ्यायचा, मग खात्री. सगळीकडे स्वच्छ दिसतंय, कुठे रेघच नाही, अशा वेळी जास्त जपावं, हे चाळीस वर्षं पेपर तपासूनही मला कळलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुलांचं उत्तर एकसारखं आलं की मी खूश व्हायचो. पण कधीकधी सगळ्यांचंच चुकलेलं असायचं!

आमच्या धाराशिवलाही धावपट्टी आहे. कधी नात तिथे उतरली तर मी जाईन. हार-तुरे नेणार नाही. त्या पेल्यातलं इंधन तेवढं उजेडात धरून बघेन म्हणतो.

असो. तुमच्या घरच्या कंदिलाच्या, रॉकेलच्या डब्याच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.