नायँटिक हॉटेलच्या पायाखाली : नागरी पुरातत्त्वाची प्रस्तावना

सॅन फ्रान्सिस्कोच्या भर बाजारपेठेत क्ले आणि सॅन्सम हे रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर आज कचेऱ्यांची उंच इमारत उभी आहे. समुद्र तिथून अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. १८४९ साली मात्र भरतीचे पाणी या कोपऱ्याच्याही मागे, माँटगोमेरी स्ट्रीटपर्यंत चढत असे, आणि या जागी एक जहाज चिखलात बसवलेले होते. त्याचे नाव नायँटिक. नागरी पुरातत्त्व, म्हणजे जिवंत, नांदत्या शहराच्या पोटातले उत्खनन, हा विषय नव्या वाचकाला सांगायचा तर मी या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. एवढ्या लहान जागेत एवढ्या गोष्टी एकावर एक रचलेल्या क्वचितच सापडतात.

नायँटिक हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे, देवमाशांच्या शिकारीचे जहाज. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि त्याची बातमी शिकारीला निघालेल्या या जहाजाला पेरूच्या किनाऱ्यावर मिळाली. कप्तानाने शिकार सोडली, पनामा गाठले, तिथे खोळंबलेले अडीचशेच्या आसपास उतारू घेतले आणि ५ जुलै १८४९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नांगर टाकला. उतारूंच्या पाठोपाठ खलाशीही सोन्याच्या वाटेने पसार झाले. खाडीत अशी बेवारस जहाजे त्या काळात शेकड्यांनी उभी होती. गावात लाकूड महाग, माणूसबळ त्याहून महाग, आणि माल ठेवायला छप्पर नाही. तेव्हा भरतीचा मुहूर्त साधून नायँटिक किनाऱ्याशी ओढून आणले गेले. डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातले, कुशीत दारे पाडली. खाली वखारी, वर दुकाने, कचेऱ्या आणि मुक्कामाच्या खोल्या अशी त्याची इमारतच झाली.

३ मे १८५१ च्या रात्री लागलेल्या आगीने गावाचा मोठा भाग खाक केला. नायँटिकचा पाण्यावरचा भाग जळाला. चिखलात रुतलेला भाग वाचला. त्याच सांगाड्याचा पाया करून वर नायँटिक हॉटेल बांधले गेले आणि ते शहरातले नावाजलेले हॉटेल ठरले. दरम्यान वाळूच्या टेकड्या फोडून खाडी भरत गेली, किनारा पुढे सरकला आणि बंदरावरचे हॉटेल शहराच्या मध्यभागी आले. १८७२ मध्ये ते पाडले. पाया खोदताना जहाज दिसले, शॅम्पेनच्या बाटल्या निघाल्या. काहींचे बूच काढताना अजून थोडा फेस आला, अशी आठवण तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवली आहे. वर नवी इमारत चढली. ती १९०६ च्या भूकंपात आणि आगीत गेली, तेव्हा १९०७ मध्ये जहाज पुन्हा दिसले आणि पुन्हा झाकले गेले. १९७८ मध्ये नव्या इमारतीसाठी खोल खड्डा घेतला गेला आणि जहाजाचा मागचा भाग तिसऱ्यांदा उजेडात आला. या वेळी प्रथमच अभ्यासक खड्ड्यात उतरले.

या हकिगतीतच या विद्येचा स्वभाव दिसतो. महाराष्ट्रातल्या इनामगाव किंवा नेवासे इथल्या प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात जागा अभ्यासक निवडतो, मोसम ठरवतो, चर आखतो, काम अपुरे राहिले तर पुढच्या हिवाळ्यात परत येतो. शहरात जागा बिल्डर निवडतो आणि वेळही तोच देतो. जुनी इमारत पाडून राडारोडा उचलल्यावर आणि नवे काँक्रीट पडण्याआधी जो अवकाश मिळतो, तेवढाच आपला. नायँटिकच्या वाट्याला तो फारच थोडा आला. जहाजाचा मोजका भाग आणि काही वस्तू वाचल्या, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी संग्रहालयात आहेत; बराचसा सांगाडा खोदकामात गेला. काही भाग शेजारच्या जमिनीखाली अजून असावा, असे मानले जाते. जे गेले ते त्या काळाच्या दृष्टीने अटळ होते, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जहाज कुठे आहे हे शहराला शंभर वर्षांपासून ठाऊक होते. त्या कोपऱ्यावर स्मारकफलकसुद्धा लागलेला होता. तयारीला वेळ होता, तो वापरला गेला नाही.

तरीही जे हाती आले त्याचे मोल मोठे आहे, आणि त्याचे कारण ती आग आहे. सामान्यतः शहराच्या मातीत थर एकमेकांत घुसलेले असतात: विहिरीचा खड्डा जुन्या भिंतीत, गटाराची नळी विहिरीत, केबलची चारी त्या नळीवरून. कोणता थर कोणाला कापतो हे ठरवण्यातच अभ्यासकाचा निम्मा वेळ जातो. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडातल्या विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदी हाताळताना थरांचा क्रम मांडण्याची तक्त्याची पद्धत शोधली, ती याच गुंत्यातून. आज जगभरचे नागरी उत्खनन त्या तक्त्यावर चालते. पण जळक्या कोळशाचा एक थर सगळीकडे पसरलेला असेल आणि त्या आगीची तारीख कागदोपत्री पक्की असेल, तर त्याखालचे सगळे त्या रात्रीपूर्वीचे. नायँटिकमधल्या वखारीतला माल असा तारखेनिशी बंद झाला होता: गवतात गुंडाळलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या, लिखाणाचे सामान, पिस्तुले, कापड. भोवतीच्या ओल्या गाळात हवा पोचत नाही, लाकूड पोखरणारे जीव जगत नाहीत, म्हणून एरवी सर्वांत आधी कुजणाऱ्या वस्तूच टिकल्या. अशा लाकडाचा धोका बाहेर काढल्यावर सुरू होतो. ते सुकले की आक्रसते, तडकते. त्यामुळे त्याला आधी ओले ठेवणे आणि मग मेणासारख्या रसायनात महिनोन्‌महिने मुरवणे, हा खर्च उत्खननाच्या आधीच धरावा लागतो.

हॉटेलच्या अवशेषांकडे अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. घराच्या मालकाचे नाव सात-बाऱ्यावर किंवा खरेदीखतात सापडते. हॉटेलात उतरलेला फिरता विक्रेता, खोल्या झाडणारी बाई, भटारखान्यातला पोऱ्या यांचे नाव बहुधा कुठेच राहत नाही. राहते ते त्यांनी फेकलेले. जुन्या हॉटेलमागचे संडासाचे खड्डे आणि बुजवलेल्या विहिरी हे या विद्येतले खरे भांडार. तिथे बिया मिळतात, हाडे मिळतात, जंतांची अंडी मिळतात. म्हणजे काय खाल्ले, मांसाचा कोणता भाग वाढला गेला आणि पोटात काय बिघडले होते, हे एकाच जागी कळते.

अशा खड्ड्यातली वस्तू तारीख कशी सांगते, ते एक फुटकी बशी घेऊन दाखवतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बनलेली चिनीमातीची भांडी जगातल्या बहुतेक बंदरांत पोचत होती. बशी उलटी केली की कधी कधी तळावर शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा शिक्का दिसतो. १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये नक्षीची नोंदणी झाली की हा शिक्का मारायची मुभा मिळे. वरचा रोमन आकडा चार असेल तर वस्तू मातीची, तीन असेल तर काचेची. कोपऱ्यांतली अक्षरे आणि आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. ही नक्षीच्या नोंदणीची तारीख आहे, बशी फुटल्याची नव्हे. पण ज्या भरावात ती सापडली तो भराव त्या तारखेच्या आधीचा असूच शकत नाही. थरातली सर्वांत नवी वस्तू थराचे वय ठरवते, हा नियम विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी पाठ करावा. बाटलीच्या तळाचा खडबडीत वण, साच्याची शिवण, खिळ्याचे डोके, सगळ्यांना हाच न्याय लागतो.

नायँटिकनंतर सॅन फ्रान्सिस्कोत कामाची रीत सुधारली. २००१ मध्ये क्ले रस्त्यावरच, बॅटरी स्ट्रीटच्या कोपऱ्याशी, जनरल हॅरिसन हे तसेच वखार झालेले आणि त्याच आगीत जळालेले जहाज सापडले आणि त्याची नीट नोंद झाली. १९९४ मध्ये मेट्रोचा बोगदा खणताना रोम नावाचे जहाज आडवे आले. आजही रोजच्या गाड्या त्याच्या सांगाड्यातून जातात. सागरी पुरातत्त्वज्ञ जेम्स डेलगाडो यांनी २००९ मध्ये ‘गोल्ड रश पोर्ट’ या ग्रंथात या सर्व सामग्रीची जुळणी करून दाखवली. सोन्याच्या धांदलीतले बेशिस्त गाव, ही जुनी प्रतिमा त्यातून मागे पडते आणि चीन, चिली, युरोप यांच्याशी पक्का व्यापार बांधलेले बंदर पुढे येते. हा निष्कर्ष केवळ कागदांवरून इतक्या ठामपणे काढता आला नसता.

इतर शहरांचे अनुभव याला जोडून वाचावेत. न्यूयॉर्कमध्ये १९७९-८० साली वॉल स्ट्रीटच्या परिसरात, एका गगनचुंबी इमारतीच्या जागेवर, सतराव्या शतकातल्या लव्हलेस टॅव्हर्न या खानावळीचा पाया लागला. तिथेच ब्रॉड स्ट्रीटवर पदपथात बसवलेल्या काचेतून जुने अवशेष कोणीही पाहू शकतो. लंडनमध्ये १९८९ साली रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले तेव्हा ते वाचवण्यासाठी नट, प्रेक्षक आणि अभ्यासक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात असे धोरण आले की बांधकामाची परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार आधी व्हावा. हा बदल लोकांच्या आग्रहाने झाला.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. मुंबईचा केवढा तरी भाग भरावावर उभा आहे, आणि १८६० च्या दशकात पाडलेल्या कोटाच्या तटाचा पाया फोर्टच्या रस्त्यांखाली कुठे कुठे असणारच. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ साली उत्खनन केले, ते वस्तीला लागूनच होते. म्हणजे परंपरा आपल्याकडे आहे. कमी आहे ती अलीकडच्या काळाबद्दलची आस्था. आपल्या कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरायला सर्वसाधारणपणे शंभर वर्षे लागतात. आता १९२० च्या आधीची प्रत्येक धर्मशाळा, खाणावळ, लॉज आणि चाळ ती मर्यादा ओलांडून गेली आहे. पेठांमधले वाडे पडत आहेत, मेट्रोसाठी खोल खोदकाम चालू आहे. या कामाला पदवीधर पुरातत्त्वज्ञ हवेत, तसेच वास्तुविशारद, जुनी मोडी वाचणारे, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, आणि खड्ड्यावर रोज उभा असलेला साइट इंजिनिअर व मुकादमसुद्धा हवेत. पहिली नजर त्यांचीच पडते.

आपल्या गल्लीत जुनी इमारत पाडून पाया खणला जात असेल आणि त्यात जुने बांधकाम, विहीर, खापरांचा थर दिसला, तर स्वतः उकरू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागा, खोली आणि तारीख लिहा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला त्याच दिवशी कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानेच बंधनकारक आहे.