मालकाचं पायतान

आमच्या विहिरीला मोट राहिली नाही, पण मोटेचं दगडी थारोळं अजून आहे. दिवस मावळला की मी त्यावर बसतो आणि चार जोड गमबूट धुतो. एक माझा, एक मंडळींचा, एक बागेत कामाला येणाऱ्या बाईचा आणि एक नानांचा. नानांच्या डाव्या बुटाच्या टोकात चिंधीचा बोळा असतो. तो आधी काढून वेगळा धुवावा लागतो.

गावातली पोरं हसतात. म्हणतात, "आबा, ट्रॅक्टर धुतला तर समजू. चिखलात घालायचे बूट धुऊन काय करता? उद्या पुन्हा चिखलच." मी उत्तर देत नाही. सांगायचं तर थोडं मागं जावं लागतं, आणि गंमत अशी, की ती वाट आमच्याच शिवारातून जाते.

मी भोकरदन तालुक्यातला शेतकरी. दहावीचं नवं बोर्ड सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९७६ ला पास झालो आणि औताला लागलो. असई आमच्या पंचक्रोशीतलीच म्हणायची. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांची लढाई झाली. लहानपणी आम्हाला एवढंच माहीत, की आपण हरलो. पुढं नातीनं मोबाईलवर शोधून मला बरंच वाचून दाखवलं आणि मी तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ते ताडून पाहिलं.

इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय वर्षं ३४. वाटाडे त्याला म्हणाले, केळणेला इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. दोन गावं तोंडाला तोंड लावून बसलीत म्हणजे मधून जायला वाट असणारच, असा त्यानं कयास बांधला आणि फौज पाण्यात घातली. एवढी अक्कल आमच्याकडच्या गुराख्यालाही असते, पण त्या दिवशी ती त्याच्या कामाला आली. त्याचे दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, आपलीही फार पडली. नंतर त्यानं अडगावची लढाई जिंकली, डिसेंबरात गाविलगड घेतला आणि पुढं दीड वर्षात मायदेशी निघून गेला. तिथं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ ला वॉटर्लूत त्यानं नेपोलियनला हरवलं.

त्या वेळी तिकडचे सरदार गोंडे लावलेले उंच बूट घालत. वेलिंग्टननं लंडनच्या होबी नावाच्या चांभाराकडून त्यात बदल करून घेतला. गोंडा काढला, वासराचं मऊ कातडं वापरलं आणि बूट पायाला चपखल बसेल असा केला. घोड्यावर चालेल आणि संध्याकाळी जेवणाच्या पंगतीलाही चालेल. लोकांनी त्या बुटाला त्याचंच नाव दिलं. असईच्या लढाईत त्याच्या पायात हा बूट नव्हता, तो नंतरचा. पण आज आपण ज्याला गमबूट म्हणतो, त्याला इंग्लंडात अजून वेलिंग्टन म्हणतात, हे कळल्यावर मी थारोळ्यावर हातातल्या बुटाकडं बघतच राहिलो. आमची नदी ओलांडून गेलेल्या माणसाचं नाव माझ्या चिखलात रोज उतरत होतं.

कातड्याचा बूट रबराचा झाला, ते अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरमुळं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. गंधक घालून ते तापवलं की टिकाऊ होतं, ही युक्ती त्याला सापडली. १८४४ ला त्याला त्याचं पेटंट मिळालं. त्याच्याकडून पायताणापुरता हक्क हायरम हचिन्सन नावाच्या माणसानं घेतला आणि १८५३ ला फ्रान्समध्ये कारखाना काढला. तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलात राबायचे. रबराचे बूट आले आणि माणूस कोरड्या पायानं घरी जायला लागला. पुढं पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडायला लागले, तेव्हा एडिंबराच्या एका कारखान्यानं अकरा लाखांहून जास्त जोड करून दिले.

म्हणजे फ्रान्समधल्या शेतकऱ्याच्या पायात १८५३ ला जो बूट गेला, तो माझ्या घरात आला १९९४ ला. मधली १४१ वर्षं आमचे पाय काय करत होते, ते मला सांगायचंय.

आमच्या आजोबांच्या पायात वहाणा होत्या. गावचा चांभार बलुत्यावर शिवायचा, मोटही तोच दुरुस्त करायचा. कडक कातडं, टाचेला नाल, आठ दिवस पाय सोलून काढायच्या. एरंडेल पाजून पाजून मऊ करायच्या. आणि पाऊस पडला की त्या पायात कमी आणि हातात जास्त. काळ्या मातीत दोन पावलं टाकली की वहाणेला पाच-पाच शेराचं ढेकूळ चिकटतं. मग वहाणा बांधावर आणि माणूस अनवाणी. बायांच्या पायात तर तेही नव्हतं. आई खुरपून आली की बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचेला भेगा. रात्री मेंदी वाटून लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच वाफ्यात. गावकुसाबाहेरच्या माणसाचं तर आणखीनच वेगळं. तो वाड्यापुढून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा. ज्यानं वहाण शिवली, तोही. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या वयात मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. आई-अण्णांबरोबर खडी फोडायला जायचो. दगड असे तापायचे, की पाय टेकवत नव्हता. आई गोणपाटाचे तुकडे तळव्याला बांधून द्यायची. मग कधीतरी टायरच्या चपला आल्या, झिजायचं नाव नाही. आम्हाला वाटलं, याच्यापुढं आता काय पाहिजे?

मोसंबीची बाग लावली आणि रात्रीचं पाणी भरणं नशिबी आलं. थ्री फेज लाईट रात्रीच. आळ्यातलं गवत गुडघ्याएवढं, उजेड बॅटरीचा. म्हणून मी जालन्याच्या बाजारातून गमबूट आणले. एकच जोड. माझ्यासाठी.

नाना आमचे सालगडी. अण्णांच्या वेळेपासूनचे. वयानं माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, पण मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला मालक म्हणायचे. रीतच तशी होती. बूट आणले त्या दिवशी मंडळी म्हणाली, "त्यांनाही एक जोड आणायचा होता." मी म्हणालो, "त्याच्या पायाला सवय हाय." हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी एका सोयरिकीला परगावी गेलो होतो. रात्री पाण्याची पाळी नानांची. बूट कोठ्यात खुंटीला टांगलेले, कोरडे. नाना अनवाणी आळ्यात उतरले आणि घोणशीवर पाय पडला. डाव्या पायाच्या बोटांपाशीच पान लागलं. माझ्या भावानं त्यांना गाडीत घातलं, पण आधी शेजारच्या गावच्या देवळात नेलं. तेव्हा सगळे तेच करायचे. त्यात तीन तास गेले. दवाखान्यात पोचेस्तोवर पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि चावल्या जागचं मांस नासवतं. इंजेक्शनांनी जीव वाचला. दोन बोटं काढावी लागली.

मी खाटेजवळ उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अरे, बूट खुंटीलाच होते की. घालायचे ना."

नाना म्हणाले, "मालकाच्या पायतानात पाय कसा घालू?"

मला पुढं बोलता आलं नाही. १८०३ ला कोण जिंकलं आणि कोण हरलं, ते शाळेत शिकलो होतो. माझ्या कोठ्यात कोण हरलं, ते त्या दिवशी कळलं.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्यातली. आणि चावा बहुधा पायालाच. बुटानं सगळं टळतं असं मी म्हणत नाही. पण पाय आणि दात यांच्यामध्ये काहीतरी असावं, एवढं तर खरं. पान लागलंच, तर देऊळ नको, मांत्रिक नको, बांधणं-कापणं नको. पाय हलू न देता थेट दवाखाना.

त्यानंतर मी एकट्यासाठी बूट आणले नाहीत. तीस वर्षांत जे कळलं, ते सांगतो. बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभर राबून पाय जरा फुगलेला असतो. सुती मोजा घालूनच मापून पाहावा, बोटांपुढं अंगठाभर जागा राहावी. दुकानात लाज न धरता उकिडवं बसून बघावं. काठ गुडघ्यामागं रुतला तर तो बूट खुरपणीच्या कामाचा नाही. खुरपायला पोटरीएवढा आणि रात्रीच्या पाण्याला गुडघ्यापर्यंतचा बरा. तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात. बारीक खाचा काळ्या मातीनं लिंपून जातात आणि माणूस घसरतो. पीव्हीसीचा स्वस्त, पण थंडीत ताठ होऊन चिरतो. रबराचा महाग, पण नरम आणि टिकाऊ. बायांच्या मापाचा बूट आमच्या बाजारात मिळायचा नाही. चार नंबर म्हटलं की दुकानदार लहान पोराचा का म्हणून विचारायचा. मी मागवून घ्यायला लावला. शेतातलं निम्म्याच्या वर काम ज्या पायांवर चालतं, त्यांचा नंबर दुकानात नसावा, हे काही बरोबर नाही.

धुण्याचंही तसंच. चिखल ओला आहे तोवरच नारळाच्या काथ्यानं आणि साध्या पाण्यानं काढावा. तळाच्या खाचा काडीनं कोराव्यात. रॉकेल, डिझेल रबराला लावू नये, ते फुगतं. उन्हात वाळवू नये, तडे जातात. आतून फडक्यानं पुसावं, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत काठीवर उलटं टांगावं. नव्या रबरावर पांढुरकी भुकटी येते, ती बुरशी नसते, पुसली की जाते. भोक पडलं तर सायकलवाल्याचं पंक्चरचं ठिगळ चालतं. फवारणीचा जोड वेगळाच ठेवावा आणि त्या वेळी विजार बुटाच्या बाहेर सोडावी, नाहीतर औषध ओघळून आतच साचतं. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. आणि सकाळी पाय घालायच्या आधी बूट उलटा करून दोनदा आपटावा. विंचवाला अंधारी, उबदार जागा आवडते.

पहिल्यांदा मी नानांचे बूट धुवायला घेतले, तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले. "मालक, ते राहू द्या." मी म्हणालो, "नाना, बसा." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नाना म्हणालो. ते बसले, पण बुटाकडं बघत नव्हते, विहिरीकडं बघत होते.

आता ते सत्तरीचे आहेत. जड काम होत नाही, बागेत फेरी मारतात, पाखरं हाकतात. संध्याकाळी थारोळ्याच्या कडेला बसून तंबाखू मळतात. मला अजून मालकच म्हणतात, ते काही सुटलं नाही. मी डाव्या बुटातला बोळा काढतो, धुतो, पिळतो आणि वाळत घालतो. सकाळी तो पुन्हा टोकात भरायचा असतो, नाहीतर दोन बोटांच्या जागी बूट मोकळा राहतो आणि नानांचा पाय पुढं सरकतो.