फ्रीजचे उघडे दार

१९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी उष्णतेवर चालणारा फ्रीज सिद्ध केला. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला. त्यात फिरणारा एकही भाग नव्हता. अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांच्या अभिसरणातून थंडावा मिळे. विजेवाचून, केवळ गॅसच्या ज्योतीवर चालत असल्याने हे तंत्र पुढे कॅरव्हॅनसारख्या फिरत्या घरांत रूढ झाले.

मात्र युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात ही घरे महिनोन् महिने उभी राहतात. ज्योत विझली, की थंडावा राखणारे तेच घट्ट दार आतली ओल कोंडते आणि बुरशी धरते. थंडीने बुरशी मरत नाही, केवळ मंदावते. तिला खरा अटकाव कोरडेपणाचाच. म्हणून फ्रीज रिकामा करून, रबरी पट्टीच्या घड्यांसह पुसून, दार किंचित उघडे अडकवून ठेवतात.