वेगाचे दर्शन : आफ्रिकेतील सफारी आणि चित्ता – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भूतलावर सर्वाधिक वेगाने धावणारा प्राणी म्हणून चित्ता सर्वपरिचित आहे. आज हा प्राणी नैसर्गिक अवस्थेत पाहण्यासाठी जगभरातील पर्यटक केनिया, टांझानिया, बोट्स्वाना व नामिबिया या देशांत जातात. हा प्रवास ‘सफारी’ या नावाने ओळखला जातो. स्वाहिली भाषेत हा शब्द अरबीतील ‘सफर’ या शब्दावरून आला; मराठीतील ‘सफर’ही त्याच कुळातील. मूळ अर्थ केवळ ‘प्रवास’ एवढाच. या साध्या शब्दाला प्रथम शिकारीचा आणि नंतर प्राणिदर्शनाचा अर्थ कसा चिकटला, तसेच या स्थित्यंतराची किंमत कोणी चुकवली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शिकारीची सफारी :
मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधण्यात आला. त्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले व त्यांपैकी सुमारे अडीच हजार मृत्यू पावले. याच मार्गावरील छावणीतून नैरोबी शहर उदयास आले आणि पूर्व आफ्रिकेचा अंतर्भाग युरोपीय व अमेरिकी शिकाऱ्यांसाठी खुला झाला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९-१० मधील सफारी हे या युगाचे ठळक उदाहरण होय. स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करण्याच्या हेतूने निघालेल्या या मोहिमेत रूझवेल्ट पितापुत्रांनी पाचशेहून अधिक मोठे प्राणी मारले. ज्ञानसंपादन आणि शिकार यांत त्या काळी विरोध मानला जात नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

चित्त्याच्या वाट्याला मात्र शिकारीबरोबरच करमणुकीचे साधन होणेही आले. केनियातून आणलेल्या चित्त्यांना १९३७ मध्ये लंडनजवळील रॉमफर्ड येथील मैदानावर ग्रेहाउंड कुत्र्यांसमवेत शर्यतीत धावायला लावण्यात आले. त्याच सुमारास हिंदुस्थानातील संस्थानिकही आफ्रिकेतून चित्ते मागवीत होते. देशी चित्ता दुर्मीळ झाल्याने काळविटाच्या शिकारीची जुनी दरबारी परंपरा टिकवण्यासाठी कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकी चित्ते आयात केले. दिव्यभानुसिंह यांच्या संशोधनानुसार १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते भारतात आले. कोल्हापुरातील चित्तेवानांचे कौशल्य या आयात जनावरांवरच टिकून होते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशाशी महाराष्ट्राचा असा प्रत्यक्ष संबंध आला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

शिकारीकडून निरीक्षणाकडे :
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. १९४६ मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यान आणि १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. बर्नहार्ड ग्झिमेक यांच्या सेरेंगेटीवरील चित्रपटाने व ग्रंथाने १९५९ मध्ये युरोपीय वाचक-प्रेक्षकांचे लक्ष वेधले. जॉय ॲडमसन यांनी ‘पिप्पा’ या माणसाळलेल्या मादी चित्त्याला मेरू येथे पुन्हा रानात सोडले व १९६९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. १९७५ मध्ये चित्त्याचा समावेश ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि १९७७ मध्ये केनियाने हौशी शिकारीवर बंदी घातली. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली.

तथापि, हा बदल सर्वांसाठी समान हिताचा नव्हता. सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात मासाई पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत आले होते. १९५९ मध्ये उद्यानाची हद्द नव्याने आखताना त्यांना गोरोंगोरो परिसरात स्थलांतर करावे लागले. ‘निर्मनुष्य अरण्य’ ही सफारीची प्रतिमा अशा रीतीने माणसे हलवून निर्माण करण्यात आली, हे नाकारता येत नाही.

वेगाचे मोजमाप :
चित्त्याच्या वेगाचे आकडेही इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक ठरते. ताशी ११४ किलोमीटर हा वारंवार उद्धृत होणारा आकडा १९५७ मधील एका नियतकालिकातील लेखापर्यंत मागे जातो. त्यातील मापनपद्धती सदोष असल्याचे पुढे दाखवून देण्यात आले. शार्प यांनी १९६५ मध्ये केनियात एका माणसाळलेल्या चित्त्याचा वेग सुमारे २०० मीटर अंतरावर मोजला. तो ताशी सुमारे १०४ किलोमीटर भरला. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲलन विल्सन व सहकाऱ्यांनी बोट्स्वानातील पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात यंत्रपट्टे बसवून ३६७ धावांची नोंद केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वोच्च वेग ताशी ९३ किलोमीटर आढळला. मात्र बहुतांश धावांतील वेग याहून पुष्कळ कमी होता. शिकारीचे यश केवळ कमाल वेगावर नव्हे, तर झपाट्याने वेग वाढवणे, कमी करणे व वळणे यांवर अवलंबून असते, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. भक्ष्य असलेले हरिण सरळ रेषेत पळत नाही. त्यामुळे केवळ वेगवान असणे चित्त्याला पुरेसे नसते.

दर्शनाची किंमत :
चित्ता दिवसा शिकार करतो, उघड्या माळावर वावरतो. म्हणून तो पर्यटकांना सहज दिसतो. हीच सुलभता त्याला घातक ठरते. सेरेंगेटीतील १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जन्मलेल्या पिलांपैकी जेमतेम पाच टक्के स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचत. सिंह हे या मृत्यूंचे प्रमुख कारण होते. त्यात आता माणसाची भर पडली आहे. फेम्के ब्रूकहाउस यांनी मासाई मारामध्ये केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अधिक पर्यटन असलेल्या भागातील मादी एका वेतातील सरासरी ०.२ पिले वाढवू शकली, तर कमी पर्यटनाच्या भागात हे प्रमाण २.३ होते. म्हणजेच दहा पटींहून अधिक तफावत. या प्राण्याची जागतिक संख्या २०१६ मध्ये केवळ ७,१०० च्या आसपास अंदाजिण्यात आली होती, हे ध्यानात घेता या तफावतीचे गांभीर्य लक्षात येते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शिकारीची सफारी आणि दर्शनाची सफारी यांत साधने बदलली, परंतु प्राण्याजवळ पोचण्याचा आग्रह कायम राहिला. कॅमेरा बंदुकीइतका घातक नाही, हे खरे. पण तो निरुपद्रवी आहे, असे मानण्यास आधार नाही. पर्यटनातून मिळणारा पैसा संरक्षणाला बळ देतो हेही तितकेच खरे असल्याने पर्यटनबंदी हा त्यावरील उपाय ठरत नाही. एका चित्त्याभोवती किती वाहने व किती अंतरावर थांबावीत, पिले असलेल्या मादीजवळ जावे की नाही, यांविषयीचे नियम काटेकोरपणे पाळले जाणे अगत्याचे आहे.

भारतात चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. ज्या कुनोतून गीरच्या सिंहांसाठी चोवीस गावे पूर्वीच हलवण्यात आली होती, तेथेच हा प्रयोग सुरू आहे. संस्थानिकांनी चित्ता आणला तो धाववण्यासाठी. आपण आणला आहे तो वाचवण्यासाठी. हा भेद प्रत्यक्षात टिकवायचा असेल, तर सेरेंगेटीतील विस्थापितांचा आणि मारातील पिलांचा इतिहास आपल्या धोरणकर्त्यांनी अभ्यासणे अपरिहार्य ठरते.